पॉवर सप्लाय आणि एक वॉशर

सन्माननीय अध्यक्ष महोदया, आजचे सत्कारमूर्ती आणि आम्हा सगळ्यांचे मिस्त्रीकाका, त्यांना न्यायला आलेल्या त्यांच्या कन्या, आणि हौशी रेडिओ मंडळातल्या माझ्या बंधुभगिनींनो,

भाषण मी तयार केलं होतं. आरशासमोर म्हणूनही पाहिलं. पण मघाशी चहाच्या वेळी जे घडलं, त्यानं माझा पुरता गोंधळ उडालाय. तेव्हा गाडी रुळावरून घसरली तर सांभाळून घ्या.

काका लिफ्टचे मेकॅनिक. लोकांना वरखाली न्यायची सोय करण्यात त्यांची हयात गेली, आणि निवृत्तीनंतर आमच्या पॉवर सप्लायनं त्यांना जागचं हलू दिलं नाही. ताई, सत्कारासाठी हारांशेजारी मांडून ठेवलेला लोखंडी डबा तो हाच. भिंतीतली वीज घ्यायची आणि रेडिओला सोसेल अशी करून द्यायची, एवढंच त्याचं काम. वयानं आमच्यातल्या बहुतेकांपेक्षा थोरला. तो बंद पडला की आमची रविवारची हजेरी बंद. लांबलांबचे दोस्त रेडिओवर हाका मारत राहतात आणि आम्ही मुके.

काकांच्या छातीत दुखलं तेव्हा ताई म्हणाल्या, "बाबा, आता माझ्याकडे चला." काका म्हणाले, "एवढा डबा नीट करतो आणि निघतो." आणि केला की नीट! फुगलेले कपॅसिटर बदलले, करपलेल्या वायरी बदलल्या. ताईंनी तिकीट काढलं, आणि डब्यानं मान टाकली. पुन्हा दुरुस्ती, पुन्हा तिकीट, पुन्हा तेच. ताई मला फोन करायच्या, "दादा, खरं सांगा, बाबाच काही करत नाहीत ना?" मी काय सांगणार, कप्पाळ? मलाही तोच संशय. शेवटी या खेपेला, डबा चालो न चालो, बाबांना घेऊनच जाणार म्हणून ताई स्वतः आल्या.

तर मघाशी काकांनी मला खांबाआड ओढलं. म्हणाले, "आता जाताजाता विचारतो. तो स्क्रू तूच सैल करायचास ना?"

"कुठला स्क्रू?"

"वेड पांघरू नकोस. मोठ्या कपॅसिटरवरचा. दर वेळी तोच सैल सापडायचा. मी आवळायचो आणि गप्प बसायचो. म्हटलं, पोराला मी जायला नकोय. बरं वाटायचं रे."

"काका, शप्पथ, मी नाही. मला वाटायचं, तुम्हीच..."

म्हणजे दोघांचाही संशय खोटा. चहा गार झाला. मग कोण?

माझा धंदा चष्म्याचा. दिवसभर दांड्यांचे स्क्रू आवळतो. प्रत्येक गिऱ्हाईक म्हणतं, घरात कुणीतरी हात लावला. कुणी लावलेला नसतो. घालता-काढता तो आपला आपण सैल होतो. तुम्ही हॉलमध्ये येऊन बसत होतात तेव्हा मी इथे पडद्यामागे तो डबा उघडला. स्क्रूला सैल होऊ न देणारी चकती, स्प्रिंग वॉशर, ती स्क्रूखाली नाहीच. शेजारचा ट्रान्सफॉर्मर चालू असेतोवर घूंऽऽ करून थरथरतो, आणि त्या थरथरीनं स्क्रू निसटत जातो. बस्स, एवढंच.

लिफ्टच्या एकेका बोल्टखाली वॉशर तपासणाऱ्या माणसाला हे दिसू नये? दिसलं नाही, कारण त्यांना उत्तर आधीच मिळालं होतं, आणि ते आवडलं होतं.

काका, हे तुम्हालाही आत्ताच कळतंय. सांगायला हवं होतं की नको, मला अजूनही कळत नाही. तुमच्याकडे बघवत नाहीये म्हणून मी मघापासून पंख्याकडे बघून बोलतोय. स्क्रू कुणीही सैल केला नाही. मीही नाही, या हॉलमधल्या कुणीच नाही.

पण मंडळी, एक विचारतो. डबा बंद पडला, काकांचं जाणं लांबलं, आणि मनातल्या मनात ज्याला बरं वाटलं नाही, त्यानं हात वर करा.

...

काका, आता सगळ्या हॉलकडे बघा. एकही हात नाही. ताई, तुम्ही रागावू नका. बाबा तुमचेच आहेत. आम्हाला त्यांची सवय लागली, एवढाच आमचा गुन्हा.

वॉशर माझ्या खिशात आहे. दुकानाशेजारच्या हार्डवेअरवाल्याकडून पळत जाऊन आणला, म्हणून तर कार्यक्रमाला उशीर झाला. तो बसवला की डबा टिकेल आणि तुम्हाला परत बोलवायला आमच्याकडे निमित्त उरणार नाही. नाही बसवला, तर रविवारी ताईंच्या घरून तुम्ही रेडिओवर हाक माराल आणि इकडून उत्तर येणार नाही. ते मात्र मला सोसायचं नाही. तुम्हालाही नाही.

अध्यक्षांनी बोलू दिलं, तुम्ही ऐकून घेतलं, सर्वांचा ऋणी आहे. भाषण एक ठरलं होतं आणि झालं भलतंच. काही अधिक-उणं निघालं असेल तर पोटात घाला.

काका, स्क्रू-ड्रायव्हर टेबलावर ठेवलाय. हात पुढे करा. हा घ्या वॉशर.