दारातलं कृपादान

दातांच्या दवाखान्यात इलेक्ट्रिशियन सुजलेल्या गालावर रुमाल धरून बसला होता. शेजारी काका-पुतणीचं बोलणं चाललं होतं.

“काका, संडे स्कूल सोडलंत म्हणे?”

“अगं, मी शिकवायला लागलो की पोरं पेंगायची. आता चर्चच्या दारात उभा राहतो.”

“नुसतं उभं?”

“चेहरे लक्षात राहतात ना माझ्या! हेच देवानं मला दिलेलं कृपादान. कोण आलं नाही ते हेरायचं, दुपारी त्याच्या घरी जायचं.”

“कंटाळा नाही येत?”

“छे! कधी एकदा रविवार उजाडतो असं होतं.”

“आणि घर माहीत नसलं तर?”

“एक आहे तसा. खांबाजवळ एकटाच बसायचा. सात महिने झाले, पत्ता नाही. रोज प्रार्थना करतो त्याच्यासाठी.”

इलेक्ट्रिशियन हळूच रुमाल खाली घेऊन उठू लागला, तशी काकांची नजर त्याच्या चेहऱ्यावर पडली.

“अरेच्चा! बसा, उठू नका. आधी घर कुठं ते सांगा.”