एका हातानं उचलता यावा

टाळ थोडा वेळ खाली ठेवा. मृदंगाचे बुवा, तुम्हीही हात मोकळे करा. आजचं आख्यान वाजवत सांगायचं नाही.

मंडळी, ऐका! एक प्रश्न विचारतो. आपण दुसऱ्याला काही देतो – लेकीला देतो, बापाला देतो, देवाला सुद्धा देतो. ते त्याला हवं असतं म्हणून देतो, का आपल्याला द्यावंसं वाटतं म्हणून? ... थांबा, थांबा! माना हलवू नका. ते मागचे काका प्रश्न संपायच्या आत 'हो' म्हणाले. कशाला हो म्हणालात काका? प्रश्न तर अर्धाच झाला होता! हसू नका, मंडळी. त्या काकांसारखंच करून एकानं एका पोरीचं वाटोळं केलं. तेच सांगायला उभा आहे.

या आख्यानात राजा नाही, ऋषी नाही, शाप-उःशाप काही नाही. यात लॅपटॉप आहे. हां, लॅपटॉप! आजी, अशा बघू नका माझ्याकडं, महाराजाला काही झालेलं नाही. घडीचा कंप्युटर हो, पोथीसारखा उघडायचा आणि मिटायचा. तुमच्या नातवाकडं आहे. तो 'अभ्यास करतोय' म्हणून सांगतो ना, तोच!

तर इचलकरंजीत रामलिंग म्हेतर म्हणून एक जॉबर. जॉबर म्हणजे यंत्रमाग दुरुस्त करणारा. तीस वर्षं मागांच्या खडखडाटात गेलेली, त्यामुळं कानानं कमी आणि बोलायला मोठा. त्याची एक रीत होती. मागाचा कुठलाही सुटा भाग आणला, की आधी तळहातावर ठेवायचा. डोळे मिटायचे. वजन घ्यायचं. मग पान्यानं टिंग करून वाजवायचा. जड लागला, भरीव वाजला, तर घ्यायचा. हलका लागला तर दुकानदाराच्या पुढ्यात परत. आणि खोटं कशाला बोलू, त्यानं निवडलेला भाग कधी तुटला नाही. कारखानदार डोळे झाकून विश्वास ठेवायचे.

त्याची एकुलती एक मुलगी वैभवी. एकोणीस वर्षांची. तिला स्नायूंचा आजार. आठवीत असताना शाळेच्या जिन्यात मटकन बसली, ती परत जिना चढली नाही. पाय गेले, मग कंबर गेली. डॉक्टर मिरजेचे, सरळ माणूस. त्यांनी रामलिंगला बाहेर बोलावून सांगितलं, "बोटं अजून सहा महिने चालतील. फार तर आठ. त्यानंतर श्वासाचा त्रास वाढेल." वैभवीनं दारातून ऐकलं. तिचे कान चांगले होते.

आता ही पोर दिवसभर काय करायची? गेम खेळायची! लगेच तोंडं वाकडी झाली बघा. 'आजकालची पोरं...' थांबा की! पुन्हा अर्ध्यावर निकाल? त्या खेळात पाच जणांचा संघ. एक नांदेडचा, एक जळगावची, दोघं पुण्याचे आणि ही. पडक्या किल्ल्यातून वाट काढायची, शत्रूला चुकवायचं, अडकलेल्यांना सोडवायचं. आणि त्या पाचांत सगळ्यात पुढं पळायचं काम कुणाचं? हिचं. जिला पाणी प्यायचं तर आईला मान धरावी लागायची, ती तिथं तटावरून उड्या मारत पळायची. पायाखाली काय आहे ते बाकीच्या चौघांना ओरडून सांगायची. त्या चौघांना तिच्या आजाराचं ठाऊकच नव्हतं. तिनं सांगितलं नव्हतं. का सांगेल? तिथं तिला पाय होते.

पण तिचा कंप्युटर टेबलावरचा. खुर्चीत बसावं लागायचं, आणि आता तिला बसवेना. शिवाय दर महिन्याला आठ दिवस मिरजेच्या दवाखान्यात राहायचं. म्हणून ती बापाला म्हणाली, "बाबा, मला झोपून खेळता येईल असा लॅपटॉप घ्या. मिरजेला नेता येईल असा. मी सगळं बघून ठेवलंय, लिहून देते."

रामलिंगनं नाही म्हटलं नाही. दिवाळीला घर रंगवायचं होतं, ते राहू दे म्हणाला. वैभवीनं चिठ्ठी लिहिली. अर्धा दिवस लागला तिला. बापानं नवा शर्ट घातला, चिठ्ठी खिशात ठेवली आणि निघाला कोल्हापूरला.

एकटा नाही निघाला! सोबत शेजारचा एक महाराज घेतला. कीर्तनकार. पोट साधारण माझ्याएवढं. त्याच्याकडं स्वतःचा लॅपटॉप होता, कीर्तनं इंटरनेटवर टाकायचा. एवढ्यावर गल्लीत तो कंप्युटरमधला जाणता! रामलिंग म्हणाला, "महाराज, तुम्ही असला की मला धास्ती नाही."

दुकानात एक बाई होत्या, समजदार. त्यांनी पहिला प्रश्न बरोबर विचारला, "कोण वापरणार आहे?" रामलिंगनं खिशातनं चिठ्ठी काढली. चष्मा घरी राहिलेला. चिठ्ठी महाराजाच्या हातात दिली. "तुम्हीच वाचा."

महाराजानं चिठ्ठी उघडली. पहिल्या ओळीतले दोन शब्द वाचले. मोठ्यांदा वाचले – "मजबूत हवा."

आणि मिटली.

का मिटली? अहो, कीर्तनकार तो! कीर्तनकाराला एक शब्द सापडला की पुढचं कशाला लागतंय? एका शब्दावर दोन तास बोलून पोट भरणारी आमची जात. त्यानं भर दुकानात निरूपण लावलं. "मजबूत! रामलिंग, मजबूत म्हणजे काय? देवळाचा पाया कशाचा? दगडाचा. दगड हलका असतो का? भरीव असतं तेच टिकतं." दोन गिऱ्हाईकं थांबून ऐकायला लागली. मग काय! महाराजाला आणखी चेव चढला.

बाईंनी दोन लॅपटॉप पुढं ठेवले. एक पातळ, धातूचा, दीड किलोच्या आतला. म्हणाल्या, "हा कणखर आहे, गेमही चालतात, आणि नेण्याआणण्याला सोपा." दुसरा जाडजूड, तीन किलोला टेकलेला. किंमत साधारण तेवढीच. रामलिंगनं पातळ हातावर घेतला. डोळे मिटले. नखानं वाजवला. मग जाड घेतला, दोन्ही हातांनी. वाजवला. चेहरा खुलला त्याचा.

महाराज पातळाकडं बोट करून म्हणाला, "हा तर पापड आहे, रामलिंग. पोरीच्या हातनं पडला की चुरा."

बाई म्हणाल्या, "चिठ्ठीत आणखी काही लिहिलंय का?"

महाराज म्हणाला, "तेच लिहिलंय."

आणि चिठ्ठी रामलिंगच्या खिशात परत ठेवली.

लॅपटॉप घरी आला. हळदकुंकू लावलं, जास्वंद वाहिलं. आई विजयमाला, तिनं ओवाळलं. वैभवीनं बघितलं आणि एक क्षण बापाच्या तोंडाकडं बघितलं. बाप हसत होता. किती वर्षांनी हसत होता. ती म्हणाली, "छान आहे, बाबा."

हे असं 'छान आहे' आपण घरात किती वेळा ऐकतो, आणि किती वेळा खरं मानतो?

पोटावर ठेवला की तिला श्वास लागायचा. बाजूला सरकवायचा तर हलायचा नाही. बटणं कडक. आईनं उशा रचून बघितल्या, पाट लावून बघितला. दहा मिनिटं खेळायची आणि म्हणायची, "आता दमले." बापाला वाटलं, आजार वाढला.

मग त्या पाचांची मोठी मॅच ठरली. रविवारी दुपारी चार वाजता. वैभवी तेव्हा मिरजेला असणार होती, पण तिनं संघाला शब्द दिला होता, तिथनं खेळते म्हणून. निघायच्या दिवशी रामलिंगची कारखान्यात पाळी होती, आई एकटी न्यायला. एका खांद्याला श्वासाचं मशीन, एका हातात कपड्यांची पिशवी. त्यात लॅपटॉप आणि त्याचा विटेएवढा चार्जर. विजयमालानं पिशवी उचलली, खाली ठेवली, परत उचलली. मग रडवेली होऊन म्हणाली, "बाई गं, मी तुला उचलू का ह्याला उचलू?"

वैभवी म्हणाली, "राहू दे, आई. पुढच्या महिन्यात नेऊ."

रविवारी चार वाजता तिनं दवाखान्यात मोबाइलवर ती मॅच नुसती बघितली. पाचवी जागा रिकामी. ती उशीवर मान टाकून पुटपुटत होती, "डावीकडनं जा. तिथं फट आहे." चौघांना ऐकू जात नव्हतं. अर्ध्या तासात हरले. त्यातल्या एकानं लिहिलं, 'ऐन वेळी पळून गेली.' विजयमालानं मला हे सांगितलं तेव्हा... असो.

पुढच्या महिन्यात ताप आला आणि बोटं हलायची थांबली. डॉक्टरांचे सहा महिने तीन महिन्यांत संपले. पौषात वैभवी गेली.

तेराव्याला रामलिंगनं तोच नवा शर्ट घातला, कोल्हापूरहून आल्यावर घडी करून ठेवलेला. खिशात कागद लागला. या वेळी चष्मा डोळ्यावर होता.

पहिल्या ओळीत लिहिलं होतं, 'मजबूत हवा, माझ्या हातून पडतो.' दुसऱ्या ओळीत, 'दीड किलोच्या आत हवा, जड झाला तर श्वास लागतो.' मग, 'बटणं हलकी हवीत.' मग कुठला घ्यायचा त्याचं नाव. तो पातळच! आणि शेवटी – 'बाबा, दुकानात एका हातानं उचलून बघा. कोपर कशालाही टेकवायचं नाही. पन्नास आकडे मोजा. तुमचा हात भरून आला नाही तर मला दोन्ही हातांनी जमेल. आईलाही पिशवीत जड होणार नाही.'

रामलिंग कागद घेऊन महाराजाच्या दारात आला. भांडला नाही. एवढंच विचारलं, "महाराज, हे तुम्ही वाचलं होतं?"

महाराज म्हणाला, "अरे, अक्षर फार बारीक होतं."

रामलिंगनं कागदाकडं बघितलं. महाराजाकडं बघितलं. म्हणाला, "असंल." आणि गेला.

मंडळी, त्या पोरीला बारीक लिहिताच येत नव्हतं. बोटं वळत नव्हती तिची. एकेक अक्षर बोराएवढं होतं.

तो महाराज कोण, हे आता तुम्हाला सांगायला नको. पोटावरनंच ओळखलं असेल.

रामलिंग इथंच बसलाय, दुसऱ्या खांबाशी. त्याला मी बोलावून घेतलं. येताना लॅपटॉप घेऊन ये म्हटलं, त्यानं आणला. रामलिंग, चारचौघांत सांगतो. अक्षर बारीक नव्हतं. मी वाचलंच नाही. मला बोलायचं होतं.

तुम्ही माझ्याकडं असं बघू नका. तुमच्या घरात आत्ता कोणी काही सांगतंय, आणि तुम्ही पहिल्या शब्दाला 'कळलं, कळलं' म्हणून उठलाय. ते माणूस गप्प बसलंय. तुम्हाला वाटतंय, समाधानी आहे.

आता रांगेनं पुढं या. रोज आधी बुक्का लावतो, आज नाही. तो तिथं मृदंगाशेजारी लॅपटॉप ठेवलाय. प्रत्येकानं एका हातानं उचलायचा. कोपर टेकवायचं नाही. आकडे मी मोजतो, पन्नासपर्यंत. हात भरून आला तरी खाली ठेवू नका. या काका, तुम्ही आधी या.