जप्ती सुटल्याची दवंडी

दर येळी मलाच काहून सांगाया लावता रे? बरं, सांगतो, पण मधी कोणी दात काढू नका.

घरावर बँकेची जप्ती आल्ती. पैसे भरून घर सोडवलं, तवा बँकेतल्या बाबूला इचारलं, "हा डाग रेकॉर्डवर कवापर्यंत राह्यचा?"

तो म्हणला, "सात वर्षं."

मी सात पोळे मोजले. आठव्या साली पोरीला पाह्याला हसनाबादचे पावणे येणार व्हते. मी साडूला म्हणलो, "मुदत संपली, आता आपण साफ."

साडू म्हणला, "तुमाला ठावं हाय, गावाला कुठं ठावं? जप्तीची दवंडी झाल्ती, मंग सुटल्याची बी पायजे. मी बघतो."

पावणे पोहे खाऊन राह्यल्ते. तेवढ्यात दारातच हलगी वाजली अन् कोतवाल वरडला, "ऐका हो ऐका! नामदेवरावचं जप्तीचं घर आता बिलकुल मोकळं हाय!"

पोराच्या बापानं बशी खाली ठिवली. "जप्ती झाल्ती? आमाला कोणी बोललं न्हाई."

मी म्हणलो, "रेकॉर्डवरून गेली ना. सातच वर्षं असती ती."

पोराचा बाप म्हणला, "बँकेत असंल. गावात आजपासून परत चालू झाली."

सोयरीक मोडली. पोरगी पुढं चांगल्या घरी पडली, ते तिचं नशीब. साडू सांजच्याला आला, तर मला इचारतो, "कोतवालाचा आवाज बराबर गेला का हो आतपर्यंत?"

त्यानं माफी आजून मागितली न्हाई. साडूचं नाव पायजे? लिहून घ्या. एकनाथ भाऊराव, मुक्काम टेंभुर्णी.