धाकटीची संमती

तिला कशाला विचारता, मी सांगते ना — ती कमीच बोलते, पहिल्यापासून कमी बोलते, म्हणूनच तर आम्हाला आवडली. लिहा, राजीखुशीनं देतेय म्हणून. दिराला किडनी देणं म्हणजे साधी गोष्ट आहे का, पण आमच्या धाकट्या सुनेनं एका शब्दानं नाही म्हटलं नाही — बघा, आत्तासुद्धा म्हणतेय का? तुम्ही डॉक्टर नाही ना? दारावर पाटी वाचली, नीती सल्लागार. मला गंमतच वाटली. आमच्याकडे नीती घरातली मोठी माणसं शिकवायची, त्याचा कोणी पगार घेत नव्हतं. रागावू नका हं, मी आपली बोलून मोकळी होते.

माझ्या थोरल्याला पाहिलंत ना तुम्ही? एक दिवस घरी, एक दिवस मशीनवर, असं चाललंय. पाणी मोजून मिळतं त्याला. कोणी भांडी विसळायला नळ सोडला तरी मान वळते त्याची. एवढा मोठा बाप्या, बर्फाचा खडा चघळत बसतो, तोही पुरवून पुरवून — आईनं बघायचं ते? माझी काढून दिली असती, पण मला साखर, तुमच्याच लोकांनी नको म्हटलं. धाकटा? धाकट्याची जुळते, हो, जुळते की — पण एका आईनं दोन्ही मुलं टेबलावर निजवायची का? उद्या त्याला काही झालं म्हणजे मी कोणाकडे बघायचं? हिला काय होणार आहे. तरुण आहे, धडधाकट आहे.

थोरली सून आठवत असेल तुम्हाला. याच खोलीत आली होती, आणि मला तुम्ही बाहेर बसवलं होतंत. तासाभरानं आली ती मान खाली घालून, आणि तुम्ही सांगितलंत, हिची चालणार नाही. मी विश्वास ठेवला — का नाही ठेवणार, शिकलेली माणसं तुम्ही. मग तिच्याच बहिणीच्या तोंडून निसटलं, की द्यायचं मनात नसेल तर तुम्ही लोक घरच्यांना ‘जुळत नाही’ एवढंच सांगता आणि खरं पोटात ठेवता. छान नीती आहे. आम्ही काही केलं नाही हं तिला. कोणी हात लावला नाही, आवाज चढवला नाही. फक्त बोलणं सोडलं. सगळ्यांनी, नवऱ्यानंसुद्धा. ताट वाढायचं, पण जेव म्हणायचं नाही. तापानं पडली तेव्हा गोळ्या मीच ठेवल्या उशाशी — माणुसकी सोडली नाही मी — पण शब्द नाही. मग ती एकटीच बोलायला लागली, भांड्यांशी, पडद्यांशी, आणि एक दिवस तिचे वडील येऊन घेऊन गेले. हिला सांगितलंय सगळं. घाबरवायला नाही. घरातलं घरातल्या माणसाला ठाऊक असावं म्हणून.

तर या वेळी ते जुळत नाहीचं सांगू नका. बाहेरून तपासून घेतलंय आम्ही, रिपोर्ट पिशवीतच आहेत. लग्न ठरवतानाच — म्हणजे हल्ली सगळेच करतात तपासण्या, त्यात नवीन काय. धाकट्याच्या मनात खरं तर दुसरीच होती, बरी होती दिसायला, पण तिचा रक्तगट — तुम्ही काय लिहिताय? हे कशाला लिहायचं?

बाहेर? मी नाही जायची बाहेर, मागच्या वेळी गेले तेवढं पुरे. — गरज नाही म्हणता? मग झालं तर, घ्या तिची सही. — नकार? कोणी दिला नकार? समोर बसलीय तुमच्या, तोंड तरी उघडलंय का तिनं? — माझ्या बोलण्यावरून? मी काय बोलले? आई आहे मी, आई बोलणारच. — म्हणजे किडनीची परवानगी देणाऱ्या तुमच्या त्या समितीपुढे माझंच बोलणं जाणार, आणि हिला काही विचारायचंच नाही. बरं. बरं आहे. करा तुमची सही. माझा मुलगा झिजू दे तिकडे, तुमची नीती धष्टपुष्ट राहू दे.

चल गं. ऊठ, घरी जाऊ. — ऊठ म्हणते ना. त्यांच्याकडे काय बघतेस, इकडे बघ, माझ्याकडे. — अगं, धाकटा वाट बघत असेल. — हे काय? खुर्ची सोड आधी. — सोड म्हणते ना.