भिंत ठेवावी, भिंत काढावी

"...आईंची खोली काढून टाकू, म्हणजे रोजची कटकट तरी..." आणि नेमका तिथेच मेला मिक्सर सुरू झाला. आता तुम्हीच सांगा, अशा ठिकाणी वाक्य तोडतं का कोणी? मी ओट्याशी भांडी घासत उभी, आमच्या आणि शेजारच्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडक्या एकाच डक्टमध्ये उघडतात त्याला मी काय करू, कान काही मी तिकडे नेऊन ठेवले नव्हते, आवाज आपल्या पायांनी चालत आला... आणि अर्धाच आला. मिक्सर थांबेपर्यंत मी हातातलं पातेलं तीनदा घासलं. थांबला तेव्हा नवरा-बायको दुधाच्या पिशवीवर बोलत होते.

तर शेजारी कोण, ते सांगते. सहा वर्षं भाड्याने राहतायत, नवरा, बायको आणि नवऱ्याची आई. आईंना सगळा मजला माई म्हणतो, मीही म्हणते. वय एकाहत्तर, दुपारी तीन वाजता माझ्याकडे चहाला, चारला मी त्यांच्याकडे, अशी आमची ये-जा. आता या मुलांनी स्वतःचं घर घेतलंय, पहिलंवहिलं, अजून बांधून व्हायचंय, हॉल आणि तीन खोल्या. एक या दोघांची, एक पुढेमागे पाळणा हलला तर त्याची, आणि हॉलला लागून असलेली माईंची. म्हणजे मी तसं धरून चालले होते. आणि ही सून म्हणते खोली काढून टाकू. खोली काढली तर माणूस ठेवणार कुठे? माळ्यावर?

सरळ माईंना विचारता आलं असतं, म्हणाल तुम्ही. पण असं कसं विचारणार? "माई, तुमची खोली काढतायत, तुम्हाला ठाऊक आहे का?" असं चहाचा कप पुढे करत विचारायचं? आधी पक्कं करावं, मग बोलावं, हा माझा स्वभाव. तेवढ्यात इस्त्रीवाला त्यांचे कपडे चुकून आमच्याकडे टाकून गेला होता, ते उचलले आणि बेल वाजवली. तुम्हाला सांगते, मी आपली फक्त इस्त्रीचे कपडे द्यायला गेले होते.

दार उघडलं तर दोघं पायात चपला घालून भांडतायत. तो म्हणतो, "चारचा टाइम दिलाय, एक मिनिट उशीर झाला तर पुढच्यांना बोलावतात." ती म्हणते, "मग आधी सांग, तू मला मध्ये बोलू देणारेस की नाही?" आणि मला बघितल्यावर तिचा चेहरा असा उजळला, असा उजळला, की मला तिथेच पळून जायला हवं होतं. "काकू, तुम्ही चला ना. आज नव्या घराचं सगळं निवडायचंय. तिसरं माणूस असलं की हा ओरडत नाही." मी म्हटलं, अगं मी गाऊनवर ओढणी घेऊन आलेय. "गाडीतून तर जायचंय." मी म्हटलं, अगं कुकर... "काका बंद करतील." आणि मी मनात म्हटलं, चल बाई, खोलीचं काय ते तिथे तरी कळेल. बसले गाडीत. मांडीवर इस्त्रीचे कपडे तसेच.

जागा कशी होती म्हणता? बिल्डरच्या ऑफिसाचा मागचा भाग. आत जाताना पायांत निळे प्लास्टिकचे मोजे चढवायचे, म्हणजे दवाखान्यात बाळ बघायला आल्यासारखं वाटतं. काचेचं दार मागे लागलं आणि टुक् असा आवाज आला. ते दार पुन्हा उघडायचं तर आतल्या मुलीच्या गळ्यातलं कार्ड लावावं लागतं. खिडकी नाही. भिंतींवर नळ, पाणी नसलेले. एका फळीवर दहा दारांची दहा हँडलं, दारं नसलेली. आणि मध्ये टेबल, त्यावर फॉर्म, फॉर्मचे मुद्दे त्रेचाळीस. मी लांबूनच शेवटचं पान वाचून घेतलं, वाचायला उलटं असलं तरी वाचता येतं मला. मुद्दा त्रेचाळीस: हॉललगतची खोली. भिंत ठेवावी, भिंत काढावी. पुढे दोन चौकोन.

म्हणजे अर्धं वाक्य खोटं नव्हतं तर. आणि तिथपर्यंत पोचायला आधी बेचाळीस मुद्दे.

मुद्दा एक, हॉलची फरशी. ती फॉर्मवाली मुलगी, गोड हो, पण घड्याळाकडे बघत गोड, तिने हाताच्या पंजाएवढे तुकडे मांडले आणि म्हणाली, "यातून पूर्ण हॉल कसा दिसेल ते डोळ्यांसमोर आणा." पंजाएवढ्या तुकड्यातून हॉल कसा आणायचा डोळ्यांसमोर? आणि त्यांना नावं काय, तर एक 'पहाटेचं धुकं', दुसरा 'शांत राख'. नवरा म्हणाला, राख. बायको म्हणाली, मी आयुष्यभर राखेवर चालणार नाही. नवरा म्हणाला, धुक्यावर डाग दिसतात. बायको म्हणाली, डाग पाडतं कोण? आणि मग दोघांनी एकदम माझ्याकडे वळून, "काकू, तुम्ही सांगा."

मी काय सांगू? मी आपली फक्त इस्त्रीचे कपडे द्यायला गेले होते. आम्ही घर घेतलं तेव्हा निवड म्हणजे काय, तर किल्ली उजव्या हातात घ्यायची की डाव्या. जी फरशी होती तिच्यावर आम्ही उभे राहिलो आणि बावीस वर्षं उभे आहोत. पण मला त्रेचाळीसपर्यंत जायचं होतं ना... म्हटलं, धुकं घ्या. फॉर्मवालीने पटकन टिक केली, आणि माझ्याकडे अशी बघून हसली की जणू बुडत्या माणसाला फळी दिसली.

मग नळ. वर उचलायचा की फिरवायचा? काकू, तुम्ही सांगा. मग पांढरा रंग. पांढरा म्हणजे पांढरा ना? नाही. मोतिया, दुधी, शंखासारखा, आणि एक नुसताच 'शुभ्र', असे सात. मी सात वेळा डोळे मिचकावले, सातही तेच दिसले. नवरा म्हणतो दुधी, बायको म्हणते मोतिया. मी म्हटलं, शंख. का म्हटलं? कारण दोघांनीही तो म्हटला नव्हता. हीच युक्ती मी पुढे चालवली, तो एक म्हणाला, ती दुसरं म्हणाली, की मी तिसरं म्हणायचं. भराभर पुढे सरकलो.

मुद्दा नवाला फॉर्मवालीने पेन खाली ठेवलं. म्हणाली, "एका घराची निवड करणारी व्यक्ती एकच लिहावी लागते. मागे एका जोडप्याने दोघांनी दोन वेगळ्या चौकोनांत टिक केली, तर मिस्त्रीने अर्धी बाथरूम निळी आणि अर्धी तपकिरी करून दिली, आणि वर म्हणाला, कागदाप्रमाणे केलंय." आता नाव कुणाचं लिहायचं? नवरा म्हणाला, माझं लिहा. बायको म्हणाली, मग मी निघते. बायको म्हणाली, माझं लिहा. नवरा म्हणाला, मग त्या घरात तूच राहा. पाच मिनिटं अशीच. काचेबाहेर पुढचं कुटुंब येऊन उभं, त्यांचं लेकरू काचेला नाक लावून आमच्याकडे बघतंय, मत्स्यालयात बघतात तसं. शेवटी फॉर्मवालीच म्हणाली, "काकूंचं नाव लिहू?" आणि दोघंही म्हणाली, "चालेल."

मला विचारलं का कोणी? मी दाराकडे बघितलं. दाराला कार्ड, कार्ड तिच्या गळ्यात. लिहिलं नाव. निवड करणारी व्यक्ती, नातं: शेजारी. पुढची चौतीस उत्तरं मी कशी दिली ते मलाच ठाऊक. दुसऱ्याच्या संडासाच्या झाकणाचा आवाज यावा की न यावा, हे मी ठरवलं. घरी मला आमचे हे भाजीला सुद्धा विचारत नाहीत.

आणि मग शेवटचं पान. फॉर्मवाली म्हणाली, "हॉललगतची खोली. भिंत ठेवायची की काढायची?"

आणि इतका वेळ एकमेकांच्या तोंडाला तोंड देणारी ती दोघं, एका सुरात म्हणाली, "काढायची."

बेचाळीस मुद्द्यांत जे जमलं नाही ते इथे जमलं. म्हातारी तिकडे डोळ्यांत औषध घालून पडलीय, तिला पत्ताही नाही, आणि इथे तिची खोली एका श्वासात... मी म्हटलं, "अगं पण माई?" ती म्हणाली, "आईंचं झालंय बोलून, काकू." झालंय बोलून म्हणजे? कुणाचं, कुणाशी? 'झालंय बोलून' हे शब्द मी आमच्या घरीही ऐकलेत, त्याचा अर्थ बोलणं झालेलं नसतं असाच असतो. तेवढ्यात याला फोन आला, गाडी कुणाच्या तरी गेटसमोर लावलीय म्हणून, फॉर्मवालीने कार्ड लावून त्याला बाहेर सोडलं. सूनबाई हँडलं पुन्हा एकदा बघायला उठली. आणि फॉर्म माझ्यासमोर आला. "काकू, शेवटची टिक आणि सही. तुमचीच लागते."

दोन चौकोन. एका बाजूला माई, दुसऱ्या बाजूला हॉल.

तुम्ही काय केलं असतं? मी केली टिक. 'भिंत ठेवावी'. केली आणि सही ठोकली, पूर्ण नावानिशी. फॉर्मवालीने न बघता कागद फाइलीत टाकला, दार टुक् झालं, मी बाहेर आले. तुम्हाला सांगते, शाळेत प्रगतिपुस्तकावर वडिलांची सही केली होती, त्यानंतर इतकं धडधडलं नव्हतं.

घरी आले ती तडक माईंकडे. मुलं अजून खाली गाडी लावत होती. माईंचा हात हातात घेतला, म्हटलं, "माई, काही काळजी करू नका. तुमची खोली मी वाचवली." आणि सगळं सांगितलं, डक्टपासून.

माईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग म्हणाल्या, "तुम्हाला कोणी सांगितलं होतं हो?"

मी म्हटलं, "पण ती म्हणाली ना, रोजची कटकट..."

"कटकट मीच करत होते. रोज. पंधरा दिवस पोराच्या मागे लागले होते, ती भिंत काढ म्हणून. तो म्हणे, आई, लोक काय म्हणतील, स्वतःच्या आईला खोली नाही. शेवटी सुनेने त्याला पटवलं. माझ्या मोठ्या बहिणीला दिलीय ना तिच्या मुलाने अशी खोली. आत टीव्ही, आत बाथरूम, उशाशी बेल. बेल वाजवली की येतात हो, येत नाहीत असं नाही. पण बेल वाजवली तरच येतात. मला नको बेल. मला हॉलमध्ये खिडकीशी कॉट हवी होती. जाता-येता माणसं पायात आली पाहिजेत. कोण आलं, कोण उशिरा आलं, कोण न जेवता निघालं... खोलीत काय दिसतं? दार लोटलं की मी संपले."

मी म्हटलं, "मला आधी सांगायचं नाही का?"

"तुम्हाला सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत चौथ्या मजल्यावर गेलं असतं."

मी आपली फक्त इस्त्रीचे कपडे द्यायला गेले होते... आणि बघते तर ते अजून माझ्या काखेतच. तेवढ्यात मुलं वर आली, त्यांना मीच सांगितलं, दुसरं कोण सांगणार. सूनबाई रागावली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "काकू, एवढ्या मुद्द्यांत आमचं एकच जमलं होतं हो."

दुसऱ्या दिवशी दहाच्या ठोक्याला मी स्वतः फोन केला. फॉर्मवाली गोडच बोलली. "काकू, फॉर्म कालच साइटवर गेला, सकाळी विटा लागल्या पण. आता बदल ताबा मिळाल्यावर." ताबा मिळाल्यावर विचारलं, तर भिंत पाडायला इंजिनियरची परवानगी, परवानगीला अर्ज, अर्जावर सही मूळ निवड करणाऱ्या व्यक्तीची. केली. आमचे हे पेपरामागून म्हणाले, "अजून कुणाच्या घरावर सही करायची राहिलीय का?"

इकडे यांचं भाड्याचं घर सोडायची तारीख आली. मुलं नव्या घरात गेली, धुक्यावर चालतायत, शंखाकडे बघतायत. खोली तयार आहे, रंग दिलाय, पडदे लावलेत. आणि माई? माई म्हणाल्या, "भिंत पडेपर्यंत मी तिथे पाऊल ठेवणार नाही. एकदा त्या खोलीत निजले की मग ती कोणी पाडत नाही." मुलगा रडकुंडीला आला, सुनेने हात जोडले. माईंनी आपली कॉट उचलायला लावली आणि कुठे मांडली, तर आमच्या हॉलमध्ये, खिडकीशी. महिना झाला. सून रोज सकाळी कामावर जाताना येते, डोळ्यांत औषध घालते, संध्याकाळी मुलगा येतो, सासू-सून आमच्याच हॉलमध्ये हसत बसतात. मी आत जाऊन जरा पडले की माई बाहेरून ओरडतात, "दार उघडं ठेवा हो, असं एकटं आत बसू नये."

परवानगी यायची आहे. आणि जिन्यात आता नवीनच चाललंय. काल पाणी सोडणारा कुणाला तरी सांगत होता, मी माझ्या कानांनी ऐकलं, "पोरांनी नवीन घर घेतलं आणि म्हातारीला बाहेर काढलं." मी थांबले. खोटं आहे म्हणावं, तर माई आमच्या हॉलमध्ये. खरं आहे म्हणावं, तर त्या दोघांवर केवढा अन्याय. मग म्हटलं, "अर्धं खरं आहे हो. बाहेर काढलंय."

"कोणी?" तो म्हणाला.

काय सांगू तुम्हाला. कागदावर सही माझी आहे.