ओट्याला पडलेली भोकं

माझं माहेर जवळा बाजारकडं, अन् दिलं ते कळमनुरीच्या अलीकडच्या ह्या तांड्यात. मी आले तवा सासरा नायक व्हता, म्हंजे तांड्याचा मुखिया, अन् हे घर त्याच्या आज्यानं बांधलेलं, निजामाच्या वक्ताचं. बैलांवर माल वाहून हिंडणं बंद झालं, आमचे लोक हितं बसले, तवाचं हे पहिलं दगडी घर. आत सागवानी खांब, वर मातीचं माळवद, म्होरं हा ओटा. भांडणं, सोयरिकी, समदा न्याय ह्याच ओट्यावर, अन् बाया खाली अंगणात. मी ह्या घरची सून, पण पदर सावरून चहा द्यायचा अन् मागं फिरायचं, टेकले कधी न्हाई.

सासरा गेला, माळवद गळाय लागलं. वसमतचा लाकडाचा व्यापारी खांब पाहून गेला, आमचे मालक म्हणले खांब देऊन टाकू अन् स्लॅब घालू. मी म्हणलं आधी मला काढा घरातून, मग खांब काढा. बायांना सांगितलं, मागं आमी राहतो, म्होरच्या दोन खोल्या तुमच्या पोरींच्या अभ्यासाला, पण घर उभं करू लागा. काय सांगू तुम्हाला, ऊसतोडीहून आलेल्या बाया, हाताची सालटं निघालेली, तरी आल्या, पांढरी माती डोक्यावर वाहिली, माळवदावर चढवली. गडी बी राबले, न्हाई म्हणत न्हाई, खांब त्यांनीच सरळ केले. पण ओटा भरला आमी, चोपला आमी, सारवला आमी.

पोरींच्या खोल्या सुरू करायच्या कार्यक्रमाला पाव्हणे येणार म्हणून आदल्या सांजेला ओट्याला शेणामातीचा जाड हात दिला, तो सकाळी बी वलाच. म्हणलं खुर्च्या अंगणात मांडा. तर माझा चुलत दीर, आता तोच नायक हाय, तो म्हणतो नायकाच्या ओट्यावरचे पाव्हणे खाली बसतेत व्हय, अन् बायांनो, तुमी जरा खाली सरका. काहून? माती वाहताना न्हाई आठवलं कोणाला, की बाईनं ओट्यावर चढू न्हाई म्हणून. तळपायाची आग मस्तकाला गेली माझ्या.

मांडल्याच खुर्च्या. दीर ऐटीत बसला अन् खुर्चीचे पाय गचकन आत, तो कलंडला तसे समदे हसले. मला हसू न्हाई आलं, आमच्या मेहनतीला भोकं पाडली त्यानं. मी चप्पल काढली, वर चढले, भिताडाला टेकून बसले. म्हणलं, भावजी, घर माझं हाय अन् हात ह्या बायांचे हायेत, आता उठवून दाखवा. माझ्यामागून बाया एकेक करत वर आल्या.

आता रोज पोरी हितंच अभ्यासाला बसतेत, मला याडी म्हणतेत, म्हंजे आई. भावजी बी येतो, मांडी घालून आमच्या बराबर खालीच बसतो. दर सणाला मी ओटा सारवते, पण ती भोकं तशीच ठेवते. मालक म्हणतेत बुजव की आता, किती राग धरशील. म्हणलं बुजवीन की, ह्यातली एखादी पोरगी नायक होऊन हितं बसू द्या, त्या दिशी माझ्या हातानं बुजवीन.