ते वाढणं वेगळं

हृदयाच्या डॉक्टरांकडे माझा नंबर यायचा होता. शेजारच्या बाकावर मायलेकी बसल्या होत्या. लेकीचे बाबा आत तपासणीला गेले होते.

"तू प्रयोगशाळेत उंदरांना हृदय वाढायचं औषध देतेस ना गं?"

"औषध नाही आई, वाढीचा घटक. त्यानं दुबळं हृदय सावरतं."

"म्हणजे वाढतं."

"थोडं वाढतं."

"मग ह्यांचं वाढलंय, तर मघाशी रिपोर्ट बघून डॉक्टरांचा चेहरा का पडला?"

"ते वाढणं वेगळं. घटक जास्त झाला की उंदरांचंही तसंच बिघडतं."

"जास्त म्हणजे किती?"

"तेच शोधतोय आम्ही."

"कधीपासून?"

"सहा वर्षं झाली."

"बरं. ह्यांच्यापुढे यातलं काही बोलू नकोस."

"का?"

"लेकीला हृदयातलं सगळं कळतं, या भरवशावर गेलेत ते आत."